टिक-टिक स्पीकर आणि धा-तिरकिट : घरगुती कॉम्प्युटरवरच्या संगीताची गोष्ट

हे आजच्या एपिसोडचं लेखी रूप. लोकलच्या खडखडाटात ज्यांना नीट ऐकू येत नाही, किंवा ज्यांचे इअरफोन घरी राहिलेत, त्यांच्यासाठी खास. बोलताना जे सुटलं होतं तेही इथे जोडलंय, त्यामुळे ऐकलं असेल तरी वाचा.

आजचा विषय जरा वेगळा आहे. आज फोनवर एक वाक्य टाइप केलं की अख्खं गाणं तयार होऊन येतं. तबला हवा तर तबला, सतार हवी तर सतार. पण चाळीस वर्षांपूर्वी ज्यांच्याकडे कॉम्प्युटर होता, त्यांना त्यातून एक साधा 'सा' काढायचा असेल तरी प्रोग्राम स्वतः लिहावा लागायचा. आणि गंमत म्हणजे त्या काळी काही लोकांनी जे प्रश्न विचारले, ते आज आपण विचारायलाच विसरलोय. गोष्टीत पेटी आहे, तबला आहे, पुणं आहे, मुंबई आहे आणि शेवटी जातंसुद्धा आहे. चला.

एका आवाजाचं मशीन

आधी थोडं मागे जाऊ. कॉम्प्युटरनं गाणं वाजवणं ही कल्पना कॉम्प्युटरइतकीच जुनी आहे. १९५१ मध्येच खोलीभर पसरलेल्या अवाढव्य मशीनवर लोक सूर वाजवून बघत होते. पण ती मशीनं सरकारची नाही तर विद्यापीठांची. सामान्य माणसाच्या टेबलावरचा कॉम्प्युटर आला १९७५ नंतर. त्या वर्षी अमेरिकेत आल्टेअर नावाचं किट मिळायला लागलं. त्याला ना स्क्रीन, ना कीबोर्ड, ना स्पीकर. नुसती बटणं आणि दिवे. स्टीव्ह डॉम्पियर नावाच्या एका हौशी माणसाच्या लक्षात आलं, की मशीन चालू असताना शेजारी रेडिओ ठेवला तर रेडिओत खरखर येते, आणि प्रोग्राम बदलला की खरखर बदलते. मग त्यानं असा प्रोग्राम लिहिला की त्या खरखरीतून बीटल्सच्या गाण्याची चाल निघाली. म्हणजे बघा, ज्या मशीनला आवाजच नव्हता, त्याच्याकडून त्यानं गाऊन घेतलं.

१९८२ मध्ये इंग्लंडमध्ये झेडएक्स स्पेक्ट्रम आला. रबराच्या की असलेला, वहीएवढा काळा डबा. घरच्या टीव्हीला जोडायचा, प्रोग्राम टेप रेकॉर्डरच्या कॅसेटवर साठवायचे. ४८ केबी मेमरी. तुमच्या फोनमध्ये ८ जीबी रॅम असेल तर ती याच्या पावणेदोन लाख पट झाली. भारतात डेसिबेल्स नावाच्या कंपनीनं लायसन्स घेऊन हेच मशीन 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' नावानं विकलं. दुसरीकडे १९८४ मध्ये सरकारनं शाळांसाठी 'क्लास' नावाचा कॉम्प्युटर साक्षरतेचा प्रकल्प सुरू केला, त्यात बीबीसी मायक्रो ही मशीनं शाळांमध्ये गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नवं कॉम्प्युटर धोरण आलं आणि आयातीवरची बंधनं सैल झाली. तरी घरात कॉम्प्युटर असणं ही चैनच होती.

आता स्पेक्ट्रममधून आवाज कसा यायचा ते बघू. आत एक बारीकसा स्पीकर, आणि त्याला दोनच गोष्टी कळायच्या : पडदा पुढे, पडदा मागे. बस्स. मधलं काही नाही. सेकंदाला २६२ वेळा पुढे-मागे केला की मध्य सप्तकातला 'सी' ऐकू यायचा, म्हणजे पेटीची पांढरी एक. हे पुढे-मागे करायचं काम स्वतः प्रोसेसर करायचा. म्हणजे आवाज चालू असेपर्यंत मशीनला दुसरं काहीच सुचायचं नाही. एका वेळी एकच स्वर, आणि तो वाजत असताना स्क्रीनवर काही हलणार नाही.

प्रोग्राम लिहिणाऱ्यासाठी एकच आज्ञा होती : बीप. तिला दोन आकडे द्यायचे. पहिला किती सेकंद, दुसरा कुठला स्वर. 'बीप १, ०' म्हटलं की एक सेकंद 'सी'. ० च्या जागी १ लिहिलं की अर्धा स्वर वर, म्हणजे पेटीची पुढची पट्टी. १२ लिहिलं की वरच्या सप्तकात. इथपर्यंत सगळं पेटीसारखं.

पण त्या आज्ञेत एक गोष्ट लपलेली होती, आणि ती आपल्या कामाची आहे. दुसरा आकडा पूर्णांकच असला पाहिजे असं बंधन नव्हतं. अपूर्णांक चालायचा! स्पेक्ट्रमसोबत येणाऱ्या पुस्तकात हे स्पष्ट सांगितलं होतं, आणि उदाहरण कुणाचं दिलं होतं माहितीये? भारतीय संगीताचं. अर्ध्या स्वराहून लहान अंतरं भारतीय संगीतात लागतात, तीही या आज्ञेनं वाजवता येतील, अशा अर्थाचं. केंब्रिजमधल्या कंपनीच्या स्वस्त घरगुती मशीनच्या पुस्तकात श्रुतींची दखल!

पेटीचं जुनं भांडण

हे महत्त्वाचं का, ते कळायला पेटीकडे वळू.

आपल्या बेलवलीत काय, कुठल्याही गावात काय, भजन बसलं की पेटी आलीच. पण त्याच पेटीवर १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओनं बंदी घातली होती, आणि ती तीसेक वर्षं टिकली. कारणं दोन. एक, पेटीवर मींड काढता येत नाही, एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही. दुसरं, पेटीच्या पट्ट्या सप्तकाचे १२ सारखे तुकडे करून लावलेल्या असतात, आणि आपला गळा तसा सारखा तुकडे पाडत नाही.

थोडं गणित करू, घाबरू नका. सप्तकाचे १२०० बारीक भाग केले तर एका भागाला सेंट म्हणतात. पेटीच्या दोन लगतच्या पट्ट्यांत १०० सेंट. शुद्ध गंधार पेटीवर बरोबर ४०० सेंटवर. पण तानपुरा नीट जुळला असेल तर त्याच्या तारेतून जो गंधार आपोआप ऐकू येतो, तो षड्जाच्या ५/४ पट असतो, आणि तो पडतो ३८६ सेंटवर. फरक १४ सेंट. ऐकायला किरकोळ वाटतो, पण तानपुऱ्यासमोर बसून पेटीचा गंधार धरून ठेवा, आवाजात एक हलकी थरथर येते. तो हा फरक.

महाराष्ट्रात हे भांडण फार जुनं आहे. कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये २२ श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. अब्दुल करीम खाँ त्यांच्या प्रयोगांत सोबत होते. मग अर्नेस्ट क्लेमेंट्स नावाचे इंग्रज सनदी अधिकारी त्यांना येऊन मिळाले आणि श्रुतींची हार्मोनिअम तयार झाली. १९१६ मध्ये बडोद्याला मोठी संगीत परिषद भरली, तिथे या पेटीवर जोरदार वाद झाला. भातखंड्यांचा तिला विरोध होता. गायकाचा गळा आणि पेटीची पट्टी काही जुळेना. अलीकडे डॉ. विद्याधर ओक यांनी २२ श्रुतींची हार्मोनिअम बनवली. म्हणजे शंभर वर्षं झाली तरी माणसं हाच प्रश्न सोडवतायत.

आता स्पेक्ट्रमकडे परत या. 'बीप १, ४' म्हणजे पेटीचा गंधार. 'बीप १, ३.८६' म्हणजे तानपुऱ्याचा गंधार! रिषभ २.०४, पंचम ७.०२. लाकूड तासायला नको, पितळी सूर घासायला नको, नुसता आकडा बदलायचा. मी इम्युलेटरवर हे करून पाहिलं. भूप घेतला : ०, २.०४, ३.८६, ७.०२, आणि धैवताला आलो तर दोन पर्याय. ५/३ च्या हिशेबानं ८.८४, पंचमापासून मोजत गेलं तर २७/१६, म्हणजे ९.०६. दोन्ही गणितात बसतात. भूपात कुठला घ्यायचा? मशीन म्हणतं, तुम्ही सांगाल तो.

इथे एक टेक्निकल गंमत सांगतो. शाळांमध्ये आलेला बीबीसी मायक्रो आवाजाच्या बाबतीत स्पेक्ट्रमच्या खूप पुढे होता. वेगळी साउंड चिप, एका वेळी तीन स्वर, शिवाय ढोलाताशासारख्या आवाजासाठी चौथा मार्ग. पण त्याच्या साउंड आज्ञेत स्वराचा आकडा पूर्णांकच, आणि अर्ध्या स्वराचे चारच भाग. म्हणजे २५ सेंटची उडी. ३८६ चा गंधार मागितला तर ३७५ नाही तर ४००. उलट स्पेक्ट्रमचा तो बिचारा टिक-टिक स्पीकर. त्याच्या रॉममधलं गणित मध्य सप्तकात साधारण एका सेंटच्या पायरीनं चालतं. गरीब मशीनचा कान जास्त तयार!

पण मग स्पेक्ट्रमवर राग वाजला का? नाही. स्वर अचूक आले, तरी एक बीप संपून दुसरा सुरू होताना मध्ये तुटायचंच. मींड नाही, गमक नाही, मागे तानपुरा नाही. पुढे टिम फॉलिनसारख्या इंग्लंडमधल्या पोरांनी मशीन कोडमध्ये डोकं लावून त्याच एका स्पीकरमधून दोन-चार स्वर एकदम वाजल्याचा भास निर्माण केला, पण ती गेमची गाणी. आपल्या संगीतासाठी रेडिओवाल्यांनी पेटीवर जे दोन आक्षेप घेतले होते, त्यातला एकच या मशीननं सोडवला. दुसरा, घसरण्याचा, तिथेच राहिला.

आवाजच सोडून दिला तर?

आता खऱ्या गोष्टीकडे येऊ. मला स्वतःला हीच सगळ्यात भारी वाटते.

बर्नार्ड बेल हे फ्रेंच इंजिनिअर. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला ते भारतात होते. जेम्स अर्नोल्ड यांच्यासोबत त्यांनी एक इलेक्ट्रॉनिक श्रुती हार्मोनिअम बनवली. देवलांचीच कल्पना, पण लाकूड-पितळ काढून सर्किट घातलेली. नंतर गाताना स्वर कसकसा हलतो ते मोजणारं एक यंत्र केलं. या कामावरचा दोघांचा लेख १९८३ मध्ये मुंबईच्या एनसीपीएच्या त्रैमासिकात छापून आला. नरिमन पॉइंटवरचं ते एनसीपीए, जिथे आपण कधीमधी नाटकाला जातो, तेच.

त्याच काळात जेम्स किपेन हे अभ्यासक लखनौला तबला शिकत होते. गुरू होते उस्ताद आफाक हुसेन खाँ, लखनौ घराण्याचे खलिफा. किपेनना अडचण काय होती? तबल्याचे बोल लिहून घ्यायचे तर हात पुरत नाही. उस्ताद धडाधड म्हणत जाणार, आणि हा बिचारा धा, तिर, किट, तक एकेक अक्षर लिहीत बसणार.

बेलनी यावर प्रोग्राम लिहिला. नाव बोल प्रोसेसर. वर्ड प्रोसेसर असतो ना, तसा बोलांचा. मशीन अॅपल टू सी, १२८ केबी मेमरीचं, उचलून नेता येईल असं, वजन साधारण साडेतीन किलो. भाषा ६५०२ असेंब्ली, म्हणजे प्रोसेसरला एकेक पाऊल हातानं सांगायचं. एकेका कीवर एकेक बोल. एक की दाबली की 'धा', दुसरी दाबली की अख्खा 'तिरकिट'. तबला येणारा माणूस त्यावर वाजवल्यासारखं टाइप करू शकतो.

लक्षात घ्या, यात आवाज नाही. स्क्रीनवर फक्त बोल. आधी मला वाटलं, हे कसलं संगीत? पण विचार करा. आपल्याकडे तबला मुळात बोलूनच शिकवतात. आधी तोंडानं पढंत, मग हातानं वाजवणं. बोल ही तबल्याची लिपी नाही, भाषाच आहे. आणि भाषा म्हटली की अक्षरं आली, शब्द आले, व्याकरण आलं. ज्या मशीनला धड आवाज काढता येत नाही, त्याला अक्षरं मात्र उत्तम सांभाळता येतात. म्हणजे मशीनचं जे बलस्थान, तिथेच बेल आणि किपेननी संगीताला गाठलं. बीपच्या वाटेनं जाणाऱ्यांना जे जमलं नाही ते यांना जमलं, कारण यांनी आवाजाचा हट्टच सोडला.

कायद्याचं व्याकरण

तबल्यात कायदा नावाचा प्रकार असतो. एक मूळ रचना, आणि मग तिचेच तुकडे मागेपुढे करत पलटे रंगवायचे. नवे बोल बाहेरून आणायचे नाहीत. घरातल्याच डब्यांतून रोज नवा स्वयंपाक. आणि दुसऱ्या अर्ध्यात खाली येते : 'धा' चा 'ता' होतो, 'धिं' चा 'तिं', डग्ग्याची घुमारी निघून जाते. मग शेवटी परत भरीवर यायचं. त्रितालाचा ठेका आठवा. तिसऱ्या विभागात 'तिं तिं' येतं ते हेच.

माझ्यासारख्या कोडवाल्याला हे ऐकून लगेच खाज सुटते. आपण आपलंच एक खेळण्यातलं उदाहरण घेऊ. समजा चार-चार अक्षरांचे तीन तुकडे आहेत : 'धाधातिट', 'धातिटधा' आणि 'तिटतिट'. असे आठ तुकडे एकापुढे एक ठेवून एक ओळ करायची. प्रत्येक जागी तीन पर्याय, म्हणजे ३ चा ८ वा घात : ६५६१ ओळी. प्रत्येक ओळीत ३२ अक्षरं, एका अक्षराला एक बाइट धरला तरी एकूण २,०९,९५२ बाइट. अॅपल टू सीची पूर्ण मेमरी १,३१,०७२ बाइट. म्हणजे या खेळण्यातल्या उदाहरणाची यादीसुद्धा मशीनमध्ये मावत नाही!

पण यादी ठेवायचीच कशाला? 'ओळ म्हणजे आठ तुकडे. तुकडा म्हणजे या तिघांपैकी एक' हा नियम दोन ओळींत मावतो. खालीसाठी आणखी एक नियम : 'धा' दिसला की 'ता' कर. बोल प्रोसेसर नेमकं हेच करतो. नियम द्या, तो त्यातून नवे पलटे काढतो. आणि उलटंही करतो : एखादा पलटा टाइप करून द्या, तो या नियमांत बसतो की नाही ते सांगतो. भाषाशास्त्रात नोम चॉम्स्कींनी १९५० च्या दशकात व्याकरणाची जी मांडणी केली होती, तीच विद्या इथे तबल्याला लावलेली.

मेमरी कमी होती म्हणून नियम शोधावे लागले, आणि नियम शोधायला बसल्यावर कळलं की उस्तादांच्या डोक्यात बहुधा यादी नसतेच, असतं ते असलंच काहीतरी.

आणि मग मशीननं विचारलं

आता खरा मुद्दा. आपल्या खेळण्यातल्या नियमानं 'तिटतिट' आठ वेळा, अशीही एक ओळ निघते. नियमात बसते. पण कुठल्याही तबलजीला ऐकवा, तो म्हणेल, अरे हा कायदा कुठे राहिला? यात 'धा' कुठंय? म्हणजे नियम अपुरा होता. मग नवा नियम घाला.

बेल आणि किपेन यांचं काम असंच चालायचं. उस्तादांकडून ऐकलेल्या पलट्यांवरून एक व्याकरण बांधायचं. मशीन त्यातून नवे पलटे काढणार. ते उस्तादांपुढे मांडायचे. उस्ताद म्हणणार, हा चालेल, हा नाही. नाही म्हटलं की व्याकरण दुरुस्त करायचं आणि पुन्हा विचारायचं. कुठला नियम किती वेळा वापरायचा, याला वजनं होती, तीही चांगल्या उदाहरणांवरून बदलायची. आपण आज मशीन लर्निंग म्हणतो ना, त्याचं हे चिमुकलं भावंडच. किपेन यांचं लखनौच्या तबल्यावरचं पुस्तक १९८८ मध्ये आलं, आणि दोघांचे यावरचे शोधनिबंधही त्याच सुमाराला.

हे वाचताना मला काय भिडलं सांगू? उस्तादांना थेट विचारलं असतं, 'कायद्याचे नियम काय?', तर उत्तर मिळणं कठीण. कारण नियम त्यांच्या हातात होते, तोंडात नव्हते. आपल्याला तरी 'मी जाते' आणि 'मी जातो' कुठे म्हणायचं हे कळतं, पण परदेशी माणसाला नियम सांगायला बसलो की फे फे उडते. चुकलेलं ऐकलं की मात्र लगेच कान टवकारतात. मशीनच्या चुका म्हणूनच कामाच्या होत्या. चुकीचा पलटा ऐकून उस्ताद जे 'नाही' म्हणायचे, त्या 'नाही'तून नियम बाहेर यायचा.

आणि या सगळ्यात अंतिम शब्द कुणाचा? मशीनचा नाही, प्रोग्रामरचा नाही. उस्तादांचा. तेही नाव-गावासकट. कुठलं घराणं, कुणाची तालीम, सगळं लिहिलेलं. बडोद्याला १९१६ मध्ये पेटी गळ्यासमोर हरली, तेव्हा तो वाद होता. इथे मशीन रोज हरायचं आणि त्यातूनच काम पुढे जायचं.

आजचं बघा. फोनवरचं अॅप 'लखनौ स्टाइल तबला' म्हटलं की काहीतरी वाजवून देतं. छान वाजतं, खोटं कशाला बोलू. पण ते कुणाकडून शिकलं? कुणाच्या रेकॉर्डिंगवरून? आणि चुकलं तर 'नाही' म्हणायला समोर कोण बसलंय? मी दिवसभर असल्याच सिस्टिम्सच्या आसपास काम करतो, त्यामुळे हा प्रश्न मला बाहेरून विचारता येत नाही. मॉडेल लाखो उदाहरणं गिळतं, पण त्यातलं एकही उदाहरण कुणा एका माणसाचं राहत नाही. १२८ केबीवाल्यांना हा पर्यायच नव्हता. त्यांना एका उस्तादासमोर बसूनच शिकावं लागलं.

पुण्यातलं जातं

आता गोष्ट महाराष्ट्रात परत येते.

पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइट्व्हॅं हे दोघे खेड्यापाड्यांत फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा करत होते. पहाटे दळताना बायका म्हणतात त्या. माहेर, भाऊ, सासुरवास, विठ्ठल, आणि बाबासाहेबसुद्धा. नव्वदच्या दशकात या कामात कोण सामील झालं? हेच बर्नार्ड बेल. ओव्यांचा डेटाबेस उभा राहिला, सुमारे १२० तासांची ध्वनिमुद्रणं झाली. आज या संग्रहात एक लाख दहा हजार ओव्या आहेत. २०१७ पासून 'पारी', म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया, त्या लोकांसमोर आणतंय. प्रत्येक ओवीसोबत म्हणणाऱ्या बाईचं नाव आणि गाव.

तबल्याचे पलटे काढणारा माणूस जात्याच्या ओव्यांकडे कसा वळला, असं वाटेल. पण धागा तोच आहे. दोन्हीकडे हातात काम आणि तोंडात शब्द, दोन्हीकडे ठरलेल्या साच्यात रोज नवं काहीतरी. आणि दोन्हीकडे विद्या कागदावर नव्हतीच कधी. फरक एवढाच, की तबल्याला घराणी होती, खलिफा होते, मैफली होत्या. दळणाऱ्या बाईला यातलं काहीच नव्हतं. पिठाची गिरणी आली आणि जातं कोपऱ्यात गेलं. कुणी लिहून ठेवलं नसतं तर त्या ओव्या म्हणणारीबरोबरच गेल्या असत्या. तिचं नाव डेटाबेसच्या एका रकान्यात असणं, ही छोटी गोष्ट नाही. मी डेटाबेस रोज बघतो. कुठला रकाना ठेवायचा आणि कुठला गाळायचा, हे कुणीतरी बसून ठरवत असतं. तिथे 'नाव' आणि 'गाव' ठेवायचं कुणीतरी ठरवलं.

बोल प्रोसेसरचं पुढे काय झालं? तो अजून जिवंत आहे! मॅकिन्टॉशसाठी दुसरी आवृत्ती आली, तिच्यापासून तो मिडीमधून प्रत्यक्ष वाद्यंही वाजवायला लागला. आता तिसरी आवृत्ती आहे, ओपन सोर्स, कुणीही उतरवून घेऊ शकतं. अॅपल टू सी भंगारात गेला, पण त्यावर सुचलेले नियम टिकले. कारण ते नियम म्हणून लिहिले होते, माणसाला वाचता येतील असे.

तुम्ही काय करू शकता

दरवेळेप्रमाणे शेवटी दोन कामं देतो.

पहिलं मजेचं. फोनवर स्पेक्ट्रमचा इम्युलेटर फुकट मिळतो. बदलापूर ते घाटकोपर तेवढ्या वेळात 'बीप १, ४' आणि 'बीप १, ३.८६' हे एकापाठोपाठ एक ऐकून बघा. इअरफोन लावूनच हं, डब्यातल्या लोकांचा अंत पाहू नका. फरक लगेच कळला नाही तर घरी तानपुऱ्याचं अॅप लावा आणि त्यावर ऐका.

दुसरं जरा महत्त्वाचं. तुमच्या ओळखीत कुणी पखवाज वाजवत असेल, ढोलकी वाजवत असेल, एखादी आजी ओव्या म्हणत असेल, तर फोन काढा आणि रेकॉर्ड करा. आवाज तर घ्याच, पण शेजारी बसून मुद्दाम चुकीचं म्हणून बघा. 'आजी, हे असं आहे का?' ती म्हणेल, 'नाही रे, तसं नाही!' आणि मग जे सांगेल, ते नीट ऐका. फाइलच्या नावात तारीख, तिचं पूर्ण नाव आणि गाव टाका. तिला विचारून टाका. 'रेकॉर्डिंग १७' असं ठेवू नका. पाच वर्षांनी त्या १७ मध्ये कोण होतं ते तुम्हालाही आठवणार नाही.

पुढच्या भागात कॅसेटबद्दल बोलू. एकाच कॅसेटच्या एका बाजूला प्रोग्राम आणि दुसऱ्या बाजूला भावगीतं, असा जमाना होता तो. तोपर्यंत काळजी घ्या, भेटूच.